वरची पायरी गेली, मधली राहिली

टेनिसचा निकाल वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर फार तर दोन ओळींत मावतो. जिंकणाऱ्याचे नाव, हरणाऱ्याचे नाव आणि पुढे सेटचे आकडे. आपल्यापैकी बहुतेकांची नजर त्यावरून घसरून क्रिकेटच्या धावफलकाकडे जाते, आणि त्यात गैर काही नाही. पण उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेलेल्या माणसाला एक खोड असते. चार-पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपन या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेचे निकाल मी अलीकडे असेच मांडून पाहिले.

२०१८ मध्ये फ्रान्सच्या जिल सिमोनने दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनला ७-६, ६-२ असे हरवले. २०१९ मध्ये तोच अँडरसन परत आला आणि त्याने क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे नमवले. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेलेला हा अंतिम सामना ज्यांनी पाहिला ते अजून विसरलेले नाहीत. दोन मीटरहून अधिक उंची असलेला कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. २०२० मध्ये झेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली जिंकला. २०२१ मध्ये करोनामुळे स्पर्धा झाली नाही. २०२२ मध्ये पोर्तुगालचा जुआंव सूझा आणि २०२३ मध्ये नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर. पाच वर्षे, पाच विजेते, पाच देश. या यादीत भारतीय नाव एकही नाही. विजेत्यांत नाही, उपविजेत्यांत नाही, उपांत्य फेरीतही नाही.

आणि मग २०२४ च्या जानेवारीत तोच आठवडा हाँगकाँगच्या स्पर्धेला मिळाला. पुण्याची स्पर्धा संपली. भारतात एटीपीच्या त्या दर्जाची पुरुषांची दुसरी स्पर्धा नव्हती. १९९६ साली दिल्लीत सुरू झालेली, पुढच्याच वर्षी चेन्नईला गेलेली आणि २०१७ पर्यंत तेथे रुजलेली ही परंपरा पुण्यात येऊन खंडित झाली. क्रीडाप्रेमींनी हळहळ व्यक्त केली, ती स्वाभाविकच होती. प्रश्न असा, की आपण नेमके काय गमावले?

याचे उत्तर निकालाच्या ओळीत सापडत नाही; ते स्पर्धेच्या रचनेत सापडते. तेव्हा ती रचना आधी समजून घेऊ. पुण्याच्या एकेरीत २८ खेळाडू असत. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळे, उरलेले २४ जण १२ सामने खेळत. तेथून १६, मग ८, ४ आणि २. स्पर्धा बाद पद्धतीची. प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो. २८ खेळाडूंपैकी एकच शिल्लक राहायचा असेल तर बरोबर २७ सामने लागतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. शाळेतल्या मुलाला हे कोडे घालून पाहा, तो आधी फेऱ्या मोजू लागेल. पण हरणारे मोजले की उत्तर चटकन येते.

या पद्धतीत निर्दयपणा आहे. क्रिकेटच्या साखळीत एक सामना गेला तरी पुढच्या आठवड्यात भरपाई करता येते. टेनिसमध्ये सोमवारी सकाळी हरलेला माणूस दुपारी विमानाचे तिकीट बदलत असतो. आणि हा निर्दयपणा मोठ्यांनाही सोडत नाही. २००८ साली चेन्नईत राफेल नदालने उपांत्य फेरीत कार्लोस मोयाविरुद्ध जवळजवळ चार तास झुंज देऊन सामना जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाईल यूझनीने त्याला ६-०, ६-१ असे सहज गुंडाळले. नदालचे टेनिस एका रात्रीत बिघडले नव्हते. दमछाक भरून निघायला लागणारा वेळ या रचनेत नसतो, एवढेच.

आता या २८ जणांत शिरायचे कसे? बहुसंख्य खेळाडू जागतिक क्रमवारीच्या जोरावर येतात. चार जण पात्रता फेरीतून येतात. आणि तीन जणांना संयोजक आपल्या मर्जीने प्रवेश देतात, त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. आपल्या मुलांसाठी दार होते ते प्रामुख्याने हेच. पुण्याच्या अर्जुन कढेला ते मिळाले. २०२३ मध्ये पुण्याच्याच मानस धामणेला मिळाले, तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता. पहिल्याच फेरीत अमेरिकेच्या मायकेल मोहने त्याला ६-२, ६-४ असे हरवले. १५ वर्षांच्या मुलाने अशा खेळाडूकडून सहा गेम काढणे ही कौतुकाचीच गोष्ट. पण एक सामना झाला आणि त्याची स्पर्धा संपली.

वाइल्ड कार्डाचे सोने करणारेही असतात. २००९ मध्ये सोमदेव देववर्मनने चेन्नईत तेच कार्ड घेऊन थेट अंतिम फेरी गाठली होती. तेथे मरिन चिलिचने त्याला अडवले. पण सोमदेव हा अपवाद होता, आणि अपवादावर कर्जवाटपाचे धोरण ठरवायचे नसते हे आम्हांला बँकेत पहिल्या वर्षीच शिकवले जाई.

दुहेरीची गोष्ट मात्र वेगळी. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी बालेवाडीत विजेतेपद मिळवले. २०२२ मध्ये बोपण्णाने रामकुमार रामनाथनच्या साथीने ते पुन्हा पटकावले. २०२३ मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन अंतिम फेरीत हरले. दुहेरीची रचना आटोपशीर असते. सोळा जोड्या, ड्यूस झाला की पुढचा एकच गुण निर्णायक, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. २०२२ चा तो अंतिम सामना ६-७, ६-३, १०-६ असा सुटला होता. दुहेरीत आपली परंपराही जुनी आहे. महाराष्ट्राच्या गौरव नाटेकरने लिअँडर पेसबरोबर १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले होते. बोपण्णाने तर २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. पण टेनिसमधला पैसा आणि मान मुख्यतः एकेरीत असतो, आणि आपले दुखणेही तेथेच आहे.

हे सारे मी चिंचोळीत बसून लिहितो आहे. पुण्याकडून सोलापूरला येताना शहर लागण्याआधी महामार्गालगत ही एमआयडीसी लागते. मोटारींच्या कॅमशाफ्टपासून रसायनांपर्यंत नाना वस्तू येथे तयार होतात. निवृत्तीनंतर एका स्नेह्याच्या छोट्या कारखान्याचे हिशेब पाहायला मी आठवड्यातून दोनदा येथे येतो. बालेवाडी येथून अडीचशे किलोमीटरच्या घरात, आणि टेनिसचा या धुराड्यांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, तो असा.

मोठ्या मोटार कंपनीला सुटा भाग पुरवणारा कारखानदार एका दिवसात तयार होत नाही. आधी तो दुसऱ्या कारखान्याचे जॉबवर्क करतो. मग कधीतरी नमुना मागवला जातो, तो नापास होतो, पुन्हा पाठवला जातो. मग कंपनीची माणसे येऊन यंत्रे पाहतात, मोजमापाची उपकरणे तपासतात. मग थोडा माल चाचणीसाठी जातो. या पायऱ्या चढायला वर्षे लागतात आणि त्या काळात बँकेचा हप्ता काही थांबत नाही. ज्या औद्योगिक वसाहतीत या मधल्या पायऱ्या जवळपास असतात तेथे उद्योजक तयार होतात. नुसता एक बडा कारखाना आणून बसवला आणि त्याचा सगळा माल बाहेरूनच आला, तर गावाला मिळते ती चहाची टपरी आणि पहारेकऱ्याची नोकरी.

टेनिसची शिडी हुबेहूब अशीच आहे. सर्वांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, पुरुषांच्या छोट्या स्पर्धा. त्यांत १५ हजार डॉलरची स्पर्धा जिंकली की क्रमवारीचे १५ गुण मिळतात. पहिला सामना जिंकला तर एक गुण, हरला तर शून्य आणि हातात दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम. मधली पायरी चॅलेंजर स्पर्धांची. त्यांतल्या वरच्या गटातली एक जिंकली तर शंभर गुण. त्यावर पुण्यात होती तशी एटीपी २५०, म्हणजे विजेत्याला २५० गुण. त्याच्याही वर पाचशे, हजार आणि शेवटी विम्बल्डनसारख्या चार बड्या स्पर्धा, विजेत्याला दोन हजार.

या गुणांचे आयुष्य मात्र ५२ आठवड्यांचे. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची, टेनिसच्या गुणाची एक वर्षाची. नंतर तो शिळा. गेल्या वर्षी या आठवड्यात कमावलेले या वर्षी पुन्हा कमावले नाही तर खात्यातून वजा होते. थोडक्यात, येथे मुदत ठेव नाही, दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे कॅश क्रेडिट आहे.

सुमित नागलचे उदाहरण पाहा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने जाहीरपणे सांगितले, की वर्षभर जगभर खेळून आपल्या बँक खात्यात ९०० युरो उरले आहेत. देशातला एकेरीचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आणि शिल्लक ही! चारच महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आला, त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले आणि दुसऱ्या फेरीत पोहोचल्याबद्दल एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. पण तो पहिल्या शंभरात आला तो मेलबर्नमुळे नव्हे, तर त्यानंतर फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकल्यामुळे. म्हणजे घराजवळच्या मधल्या पायरीने त्याला वर नेले. त्या जुलैत तो ६८ व्या क्रमांकावर होता. २०२५ मध्ये ते गुण शिळे झाले आणि तो पुन्हा शंभराबाहेर गेला.

बालेवाडीचे दुसरे खातेही असेच बोलते. तेथे एटीपी २५० येण्याआधीपासून चॅलेंजर स्पर्धा होत होती. तिच्यात २०१५ साली युकी भांबरी जिंकला. २०१७ साली पुन्हा तोच जिंकला, आणि अंतिम फेरीत त्याच्यासमोर रामकुमार होता; म्हणजे अंतिम सामना दोन भारतीयांचाच. तेच मैदान, तीच हवा, साधारण तेच खेळाडू. वरच्या स्पर्धेत आपण पाहुणे होतो, मधल्या स्पर्धेत यजमान शोभलो.

आणि मधली पायरी म्हणजे दुय्यम दर्जा, असे कोणी समजू नये. पुण्यातली मोठी स्पर्धा गेल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत बालेवाडीत शंभर गुणांची चॅलेंजर झाली. ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोने जिंकली. किती जणांनी ते नाव लक्षात ठेवले असेल? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हाच व्हाशरो, क्रमवारीत २०४ वा, शांघायच्या हजार गुणांच्या स्पर्धेत पात्रता फेरीतून आला, त्याने उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्याच मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवून जगाला थक्क केले. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी पुणेकरांना तो हाकेच्या अंतरावरून पाहता आला होता.

मग वरची पायरी गेल्याचे दुःख करायचेच नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अँडरसनची सर्व्हिस दहा फुटांवरून पाहिलेल्या मुलाला जे कळते ते दूरदर्शनवर कळत नाही. चेंडू उचलणारी मुले, रेषेवरचे पंच, मैदान राखणारे कर्मचारी, सगळेच अशा आठवड्यात शिकतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या बालेवाडीच्या संकुलाला त्या पाच आठवड्यांनी झळाळी दिली, हे खरे. पण स्पर्धेची मालकी एका आंतरराष्ट्रीय कंपनीकडे होती. राज्य आणि राज्य लॉन टेनिस संघटना हे यजमान होते. बँकेच्या भाषेत ती मालमत्ता नव्हती, भाडेपट्टा होता. चेन्नईचा पट्टा संपला तेव्हा आपल्याला जागा मिळाली, आपला संपला तेव्हा हाँगकाँगला. भाड्याच्या घराला रंग जरूर द्यावा. पण आपली सगळी पुंजी त्याच्या भिंतींत घालू नये.

येथील कारखान्यातल्या एका स्टोअरकीपरने मध्यंतरी मला गाठले. मुलगा सोळा वर्षांचा, टेनिस बरे खेळतो, राज्य पातळीवर दोन-तीन सामने जिंकून आला आहे. प्रशिक्षक म्हणतात, आता बाहेर खेळवा. ‘‘घरावर कर्ज काढू का ओ साहेब? तुम्ही बँकेतले, तुम्ही सांगा की.’’

बँक अधिकाऱ्याचा स्वभाव असा, की तो आधी परतफेडीचा विचार करतो. एटीपीने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली. त्या पहिल्या वर्षी शंभरापर्यंतच्यांना तीन लाख डॉलर, १७५ पर्यंतच्यांना दीड लाख, २५० पर्यंतच्यांना ७५ हजार. याचा सरळ अर्थ, जगात अडीचशेवा असलेल्या माणसालाही हमीची गरज पडते. मग ज्याला अजून क्रमवारीच नाही त्याचे काय? परदेशातल्या एका छोट्या स्पर्धेला जायचे म्हटले तर तिकीट, व्हिसा, हॉटेल, रॅकेटच्या तारा. आणि ३२ जणांच्या त्या बाद पद्धतीत निम्मे, म्हणजे १६ जण, पहिल्याच सामन्यानंतर घरी.

या शेवटच्या आकड्यातच सगळे आले. बाद पद्धतीत स्पर्धा कितीही मोठी करा, निम्म्यांच्या वाट्याला एकच सामना येतो. शिकणाऱ्या मुलाला हवे असतात सामने. तेव्हा एका स्पर्धेचा आकार वाढवून त्याचे भले होत नाही. स्पर्धांची संख्या वाढवून होते. सोलापुरात हरला तर पुढच्या सोमवारी कोल्हापूर, तेथे हरला तर नाशिक, मग नागपूर. एसटीने किंवा रेल्वेने जावे, कोणा नातेवाइकाकडे उतरावे, डबा बांधून न्यावा. इटलीने नेमके हेच केले. गावोगाव छोट्या स्पर्धा आणि चॅलेंजर भरवल्या, मुलांना घराजवळ हरण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची सोय केली, आणि आज यानिक सिनरच्या मागे इटालियन खेळाडूंची रांग उभी आहे.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. अलीकडच्या वर्षांत सोलापुरात महिलांची आयटीएफ स्पर्धा झाली, परदेशी मुली येथे येऊन खेळून गेल्या. म्हणजे मैदान आहे, पंच आहेत, माणसे आहेत. पुरुषांच्या १५ आणि २५ हजार डॉलर गटातल्या स्पर्धांचे चार-पाच सलग आठवडे वेगवेगळ्या जिल्ह्यांत दरवर्षी ठरलेल्या तारखांना झाले, तर त्यांचा एकत्रित खर्चही एका एटीपी २५० च्या तुलनेत किरकोळ ठरेल. तिची नुसती बक्षिसांची रक्कमच पाच लाख डॉलरच्या वर असे. येथे एमआयडीसीतल्या उद्योगांनी हात पुढे करावा. त्यांच्याइतके मधल्या पायऱ्यांचे मोल दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? नवे कारखानदार नमुना नापास होण्यातून घडतात हे ते स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतील.

त्या स्टोअरकीपरला मी सांगितले, घर गहाण टाकू नका. दोन वर्षांची मुदत ठरवा. त्या काळात रात्रीच्या प्रवासात गाठता येतील अशा किती स्पर्धा मुलाला मिळतात आणि त्यांत तो किती फेऱ्या काढतो, याची वही ठेवा. मुलाचे शिक्षण थांबवू नका. तो म्हणाला, ‘‘साहेब, फेऱ्या तो काढंल हो. पण तेवढ्या स्पर्धा तर असाव्यात!’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते क्रीडा खात्याच्या आणि संघटनेच्या वार्षिक वेळापत्रकात असायला हवे.

वाचकांनीही एक करावे. पुढच्या वेळी बालेवाडीत चॅलेंजर भरेल तेव्हा मुलांना घेऊन जरूर जा, पण रविवारच्या अंतिम सामन्याची वाट पाहू नका. सोमवारी किंवा मंगळवारी जा आणि कडेच्या कोर्टाजवळ उभे राहा. तेथे टाळ्या वाजवायला फार कोणी नसते. हरणारा पोरगा स्वतःच आपली पिशवी भरून निघालेला असतो. त्याला पुढच्या सोमवारी खेळायला जवळच कोठेतरी जागा असेल, तर त्याच्यासाठी तरी महाराष्ट्राने फार काही गमावलेले नाही.